‘आत कोण होतं’ हा रकाना

मावशींना कामावरून काढण्यासाठी जे पत्र तयार झालं, त्याला जोडलेला तक्ता माझा होता. रकाने मी आखले होते, अक्षर माझं होतं, वेळा मिनिटापर्यंत बरोबर होत्या. याला आता दोन उन्हाळे झाले. तरी तो कागद आठवला की डोकं तापतं, आणि कोणावर आधी चिडावं याचा क्रम अजून मला लावता आलेला नाही. एरवी मी कशाचाही क्रम लावते.

नागपूरच्या सदर भागातल्या एका तपासणी लॅबमध्ये मी नोकरी करते. रक्त-लघवीचे नमुने तळमजल्यावर घेतात, तपासण्या पहिल्या मजल्यावर होतात आणि दुसऱ्या मजल्यावर एका चिंचोळ्या खोलीत आमचा सर्व्हर आहे. संगणकांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. त्याशिवाय फ्रिजची तापमानं, प्रिंटरच्या शाईचे डबे, कुठल्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, याच्याही याद्या माझ्याकडेच, कारण दुसऱ्या कोणी त्या ठेवल्या नसत्या. प्रतापनगरला घरीही फ्रिजच्या दारावर माझी यादी असते. नवरा पाहुण्यांना सांगतो, "आमच्या घरी भाजी आधी नोंदवतात, मग शिजवतात." पाहुणे हसतात. पण गॅस संपला की दुसरं सिलिंडर भरलेलं असतं, हे कोणी सांगत नाही.

मावशी झाडलोट आणि फरशी पुसायचं काम करायच्या. अकरा वर्षं. कन्हानहून यायच्या, आधी बस, मग ऑटो, आणि तरीही माझ्या आधी हजर. वय सत्तावन्न. नेमणूक ठेकेदाराची, म्हणजे साहेबांनी एक फोन केला की दुसऱ्या दिवशी दुसरी बाई. या वयात त्यांना दुसरीकडे कोणी ठेवणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत होतं.

साहेब म्हणजे लॅबचे व्यवस्थापक. माणूस उत्साही. कुठल्याही बिघाडाचं कारण त्यांना बिघाड बघण्याआधी माहीत असतं.

मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट परवा येईल. नागपुरात परवा हा शब्द किती लांबतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस डिग्री. साहेबांनी शुक्रवारी खिडकीत कूलर बसवून घेतला, लोखंडी, मोठ्या पंख्याचा, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या लावलेला. मी म्हटलं, "साहेब, सर्व्हरच्या खोलीत ओली हवा नको."

"मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? दोन दिवसाचा प्रश्न आहे. तुमच्या मशीनलेबी थोडी थंडी लागू द्या."

मी नोंद केली: कूलर, शुक्रवार, माझ्या मताविरुद्ध. वहीत खरंच असंच लिहिलेलं आहे.

सोमवारी पावणेअकराला सर्व्हर गोठला, म्हणजे काम करता करता अडकून पडला. खाली रिपोर्ट घ्यायला आलेल्या लोकांची रांग पायऱ्यांपर्यंत, आणि काउंटरवरची मुलगी फोनवर रडकुंडीला आलेली. मी वर धावले, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर पांढरी ओळ आली: सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या सर्व्हरच्या पोटात स्वतःची डिस्क नाही. सगळं काही, अगदी त्याला उठवणारा प्रोग्रॅमसुद्धा, शेजारच्या दुसऱ्या पेटीत आहे. तिला आम्ही स्टोरेज म्हणतो. सर्व्हर सुरू झाला की तो नेटवर्कच्या केबलमधून त्या पेटीला हाक मारतो. हाक जाते मधल्या एका छोट्या डबीमधून, तिचं नाव स्विच. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. पेटीकडून उत्तर आलं की सर्व्हर उठतो. नाही आलं तर तो मिनिटभर वाट बघतो आणि हात टेकतो. डिस्क जागच्या जागी असते, नुसती त्याला दिसत नाही.

मी दुसऱ्यांदा सुरू केला. तीच ओळ. तेवढ्यात साहेब जिना चढून आले, रॅकच्या मागे हात घालून त्यांनी एक केबल अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "आता करा." मी सुरू केला. सर्व्हर उठला.

"बघा," साहेब म्हणाले. "केबल लूज. आत कोण आलं होतं?"

आत मावशी आल्या होत्या. कूलरमध्ये पाणी भरायला.

तीन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा माझे दोन प्रयत्न फुकट, पुन्हा साहेबांचा अंगठा, पुन्हा सर्व्हर सुरू. आणि पुन्हा थोड्या वेळापूर्वी मावशी बादली घेऊन आत जाऊन आलेल्या. साहेबांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"काय करून राहिली वं तू आत? पोछा मारता मारता वायर ओढते का?"

"नाई जी साहेब. मी वायरीले हातबी लावत नाई. मॅडमनं सांगतलं हाय ना."

"मंग काय भूत ओढते?"

मावशींनी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मी माझी कामाची पद्धत सुरू केली. दोन्ही केबली बदलल्या. स्विचवरची जागा बदलली, म्हणजे केबल एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावली. सर्व्हरला दिलेला स्टोरेजचा पत्ता अक्षर अक्षर ताडून बघितला. पुण्याच्या मदत केंद्राला फोन केला. तिथला इंजिनिअर मला दर वेळी पहिल्यापासून विचारायचा.

"मॅम, स्टोरेज ऑन आहे का?"

"आहे."

"मॅम, स्विच ऑन आहे का?"

"मी समोर उभी आहे. दिवे लागलेत."

"मॅम, एकदा रिस्टार्ट करून बघता का?"

"अहो, रिस्टार्ट होत नाही म्हणूनच तुम्हाला फोन केलाय!"

"ओके मॅम. मग केबल लूज असेल."

मी फोन आदळला. नंतर तोही नोंदवला, वेळेसकट.

आणि मी तक्ता केला. रकाने पाच: तारीख, वेळ, काय झालं, आत कोण होतं, किती वेळाने सुरू झालं. आत कोण होतं हे मला दारावरच्या वहीतून मिळायचं. ती वही मीच टांगलेली आहे. त्या खोलीत जो जाईल त्याने वेळ लिहून सही करायची, असा नियम. साहेबांनी तिच्यात एकदाही सही केलेली नाही. एसीवाला करत नाही. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, पेन चालत नाही. अकरा वर्षांत न चुकता सही केली ती फक्त मावशींनी. बादली खाली ठेवायची, ओले हात पदराला पुसायचे, घड्याळाकडे बघून आकडा काढायचा आणि मग एकेक अक्षर सोडवत नाव लिहायचं. मीच त्यांना तसं सांगितलं होतं.

दोन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. चौथ्या रकान्यात चौदापैकी चौदा वेळा मावशी.

मी हा तक्ता साहेबांपुढे ठेवला तो बिघाडाच्या वेळा ठरलेल्या आहेत हे दाखवायला. सकाळी साडेदहानंतर आणि दुपारी तीननंतर. मी म्हटलं, वेळ ठरलेली आहे म्हणजे काहीतरी कारण आहे, मला एक दिवस सर्व्हर पूर्ण बंद ठेवून तपासू द्या. साहेबांनी वेळांकडे बघितलंच नाही. चौथ्या रकान्यावर बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर पूर्ण केसच तयार करून दिली."

"साहेब, मी तसं म्हणत नाहीये."

"तुमचा कागदच म्हणून राहिला ना."

शनिवारी सकाळी पत्र तयार होतं. ठेकेदाराला. सोमवारपासून दुसरी बाई पाठवावी, सध्याच्या बाईच्या निष्काळजीपणामुळे रुग्णांचे रिपोर्ट अडकतात, सोबत पुराव्याचा तक्ता. पत्र माझ्या टेबलावर आलं ते तक्त्याची स्वच्छ प्रत काढून जोडण्यासाठी. दुपारी चारला ठेकेदाराचा माणूस येऊन ते नेणार होता.

मी त्या पत्राकडे बघत बसले. राग आला होता, पण खरं सांगायचं तर तो आधी मावशींवर आला. इतकं सांगून केबलला धक्का लागतोच कसा? चौदा नोंदी खोट्या कशा असतील? माझी नोंद खोटी नसते. हा विचार माझ्या डोक्यात आला होता, आणि तो मी इथे लिहिते आहे कारण बाकी सगळ्यांची चूक मिनिटासकट लिहिणाऱ्या बाईने स्वतःची गाळू नये.

मावशी खालच्या जिन्यावर बसून डबा खात होत्या. पत्राचं त्यांना कळलेलं होतं. लॅबमध्ये रिपोर्ट उशिरा पोचतात, बातम्या नाही. मी शेजारी बसले.

"मावशी, तुम्ही त्या खोलीत गेल्यावर काय काय करता? पहिल्यापासून सांगा. क्रमाने. काही सोडू नका."

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. "आजून लिवता का मॅडम? लिवून लिवून तं माही नोकरी गेली."

मी वही मिटली नाही. मिटायला हवी होती. म्हटलं, "सांगा तरी."

"चपला बाहेर काढतो. सही करतो. बादली आत नेतो. कूलर बंद करतो, झाकन काढतो, तीन बादल्या पानी टाकतो. झाकन लावतो. मंग बटन दाबतो."

"मग?"

"मंग ते डबीवरचे हिरवे लाईट जातेत."

माझा हात थांबला. "कुठले लाईट?"

"ते लुकलुक करते ना, बारके बारके. बटन दाबलं का सगडे जातेत. मंग पिवडे येतेत. मंग मी बाहेर येतो."

"दर वेळी?"

"हाव. एखांद्या टायमाले नाई जात. पन जातेतच."

"मावशी, हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"सांगतलं ना बाप्पा! पयल्याच दिवशी साहेबाले सांगतलं. ते म्हनले, तुले काय समजते त्यातलं, तू पानी भर." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आन तुमी तं इचारलंच नाई."

मी उठले. दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. गुडघे तसलं काही करायच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

कूलर मी सुरुवातीलाच यादीतून खोडला होता. कारण स्पष्ट होतं: कूलर शुक्रवारी आला, शनिवारीही चालला, बिघाड सोमवारी सुरू झाला. म्हणजे कूलरचा संबंध नाही. किती व्यवस्थित विचार! आता मी कूलरची वायर हाताने धरून तिच्या मागोमाग गेले. ती भिंतीतल्या बटणापाशी थांबत नव्हती. कोणीतरी तिला नवीन वायर जोडून, प्लॅस्टिकच्या पट्टीतून रॅकच्या मागे नेलं होतं आणि छोट्या यूपीएसमध्ये, म्हणजे लाईट गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीच्या डब्यात, खुपसलं होतं. त्या यूपीएसवर फक्त स्विच चालतो. त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती: इथे दुसरं काहीही लावू नये. प्लग त्या चिठ्ठीच्या बरोबर खाली होता.

कूलर लावला की घरातली ट्यूब एकदा मिचकते, हे नागपुरातलं लहान पोरही सांगेल. त्या मोठ्या पंख्याची मोटर फिरायला लागताना इतका भार ओढायची की बिचारा छोटा यूपीएस क्षणभर मान टाकायचा. डबी बंद पडून पुन्हा सुरू व्हायची. तिला पूर्ण शुद्धीवर यायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात चालू सर्व्हरची डिस्क नाहीशी झालेली, तो गोठलेला. मी धावत येऊन त्याला सुरू करणार, तो हाक मारणार, डबी अजून अर्धवट झोपेत, उत्तर नाही. दुसऱ्यांदा तेच. आणि साहेब त्यांच्या केबिनमधून निघून, जिना चढून, अंगठा लावेपर्यंत तीन मिनिटं झालेली असायची. साहेबांच्या अंगठ्यात काही नव्हतं. त्यांच्या जिना चढण्याच्या वेगात होतं.

मी लगेच कोणाला बोलावलं नाही. अर्धा तास सर्व्हर बंद राहील असं काउंटरला कळवलं आणि चार वेळा कूलर बंद-चालू केला. चारपैकी तीन वेळा डबीचे दिवे गेले. मग कूलरची जोडवायर काढून तो भिंतीतल्या बटणावर लावला आणि सहा वेळा बंद-चालू केला. दिवे एकदाही हलले नाहीत. सर्व्हर पहिल्या हाकेला उठला. मग मी साहेबांना वर बोलावलं.

"कूलरचा प्लग इथे कोणी लावला होता?"

साहेब वाकून बघत होते. "अच्छा, हे. शनिवारी दुपारी लाईट गेली होती ना, कूलर बंद पडला. म्हटलं लाईट गेली तरी चालला पाहिजे. रविवारी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं."

"वहीत सही कुठे आहे?"

"रविवारी कोण सही करते मॅडम?"

"चिठ्ठी दिसली नाही?"

"आता इतकं कोण वाचून राहिलं..."

"चौदा वेळा ती बाई वाचून, लिहून, सही करून आत गेली, साहेब! तुम्ही एकदा सही केली असती तर मला रविवार दिसला असता. तुम्ही तिचं एक वाक्य ऐकलं असतं तर पहिल्याच सोमवारी हे संपलं असतं. दोन आठवडे लोक उन्हात उभे राहिले. आणि काढताय कोणाला? जिने सांगितलं तिला!"

माझा आवाज खाली काउंटरपर्यंत गेला, असं नंतर कळलं. जाऊ दे.

साहेब सरळ उभे राहून म्हणाले, "ठीक आहे ना. राहू द्या तिले. मी ठेकेदाराले फोन करून सांगतो."

"फोन नाही. पत्र लेखी होतं, हेही लेखी पाहिजे."

"तुम्हीबी ना मॅडम..."

"कारण लिहा: कूलर यूपीएसला जोडला होता. कोणी जोडला तेही लिहा."

त्यांनी कारण लिहिलं. कोणी जोडला ते लिहिलं नाही. ‘तांत्रिक जोडणीतील त्रुटी’ असं लिहिलं आणि सही केली. चार वाजता ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा त्याच्या हातात हा कागद दिला. पहिलं पत्र मी फाडलं. तक्ता फाडला नाही. तो माझ्या फाइलमध्ये आहे. चौथ्या रकान्याच्या खाली मी लाल शाईने लिहिलं आहे: आत काय सुरू केलं, हे विचारलं नाही. आणि खाली माझी सही.

मावशींना मी जाऊन सांगितलं, नोकरी राहिली. त्यांनी मान हलवली. माफी मी मागितली, पण अशा वेळी शब्द सुचत नाहीत आणि मला तर मुळीच नाहीत. मी म्हटलं, "माझी नोंद अपुरी होती." त्या हसल्या. मग डबा पिशवीत घालत म्हणाल्या, "एक सांगू का मॅडम? रागाऊ नका. त्या खोलीत आता मी जात नाई. फरशी पुसतो, संडास धुतो, सगडं करतो. पन तिथं नाई. तुमच्या वहीत सही केली म्हनूनच फसलो ना मी."

"मग कूलरचं पाणी?"

"ते तुमी पाहा."

साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी जोर केला असता. मी सांगितलं नाही. सोमवारपासून एसीचा पार्ट येईपर्यंत सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला मी तीन-तीन बादल्या दुसऱ्या मजल्यावर नेल्या. नऊ दिवस. पहिल्या दिवशी जिन्याच्या वळणावर अर्धी बादली माझ्या चपलांवर सांडली. साहेब केबिनच्या दारात उभे होते.

"अरे मॅडम, तुम्ही काहून? ती बाई कुठाय?"

मी बादली खाली ठेवली नाही. म्हटलं, "वर वही आहे. आत कोण जातं, वाचून घ्या."

वर जाऊन मी हात पदराला पुसले, घड्याळ बघितलं, सही केली. मग बटण दाबलं आणि डबीसमोर उभी राहिले. दिवे हिरवेच होते. तरी मी तीन मिनिटं मोजली.